रॉकेलचा वास

साखर कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव जर्मनीच्या अभ्यास दौऱ्यावरून जुन्या पांढऱ्या वाईनची बाटली घेऊन आले. दुष्काळात ऊस नाही, कारखान्यात निदान वाईन तरी काढू, म्हणून त्यांनी संचालकांना चव घ्यायला घरीच बोलावलं. वाईनला हवा लागावी म्हणून बूच कालच काढून ठेवलं होतं.

"थंड मुलखातली हाय. गोडी अजिबात न्हाई. आन जितकी जुनी, तितका रॉकेलचा वास. ज्याला जाण हाय, त्यालाच येतो."

सगळ्यांनी ग्लास नाकाला लावले. टँकरवाले सुंदरराव घोट जिभेवर घोळवत सगळ्यांच्या आधी बोलले, "वा! लई भारी रॉकेल हाय! रंग बी सोन्यावानी."

तेवढ्यात विठ्ठलरावांच्या पत्नी केसरबाई आतून आल्या.

"अवो, ती बाटली म्या सकाळी रॉकेल समजून स्टोमधी वतली. पेटला न्हाई मेला."

"मग ह्यात काय हाय?"

"पिवळं पाणी. टँकर आला तवा घरातलं समदं भरून घेतलं, ही बाटली बी भरली." मग त्या सुंदररावांकडं वळल्या. "भाऊजी, दोन म्हैने सारं गाव वरडतंय, तुमच्या पाण्याला रॉकेलचा वास येतोय म्हणून. तवा तुमाला येत नव्हता. आज बरा आला!"