पहिल्या पंगतीची पुरी

"बायका पहिल्या पंगतीला बसणार, तर पुऱ्या तळणार कोण?" उत्सव समितीचे अध्यक्ष विश्रामभाऊ यांनी बैठकीत विचारलं.

"तुम्ही!" गावातल्या सुना एका सुरात म्हणाल्या.

विश्रामभाऊंनी चिडून अट घातली. पंगतीत एका बाईनं जरी तक्रार केली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा पुरुषच आधी जेवतील.

उत्सवाला बायका देवळाच्या मांडवात पानांवर बसल्या. पुरुषांनी मीठ उजवीकडे वाढलं, कोशिंबीर भातावर ओतली. बायका ओठ दाबून जेवत राहिल्या. मग पुऱ्या आल्या. त्यातली एकही फुगली नव्हती.

सगळ्या नजरा द्वारकाकाकूंकडे वळल्या. त्या विश्रामभाऊंच्या पत्नी. चाळीस वर्षं उत्सवाच्या पुऱ्या त्यांनीच तळल्या होत्या आणि पुरी चपटी झाली की त्या कुणाचीही गय करत नसत.

विश्रामभाऊ हातात झारा घेऊन घाम पुसत पुढे आले. "बोल, आहे काही तक्रार?"

काकूंनी पुरी मोडली. बोटांना चटका बसला, तशी त्यांनी फुंकर घातली. मग घास तोंडात टाकला.

"अहो, इतकी वर्षं इथं तळतेय मी," त्या म्हणाल्या, "पण देवळात गरम पुरी आज पहिल्यांदा खाल्ली."

विश्रामभाऊ झारा धरून तिथंच उभे राहिले.

"उभे काय राहिलात? अजून दोन आणा," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षापर्यंत फुगवायलाही जमेल तुम्हाला."