उतारावरच्या खुंट्या

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लेकीने बाबांना रंगेहाथ पकडलं. खांद्यावर मातीची पाटी घेऊन ते घरामागचा उतार चढत होते.

पावसात उतारावरची माती किती वाहून जाईल, हे सांगणारं मॉडेल तिने दोन वर्षं खपून संगणकावर बनवलं होतं. पडताळ्यासाठी याच उतारावर लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. जेवढी माती जाईल, तेवढी खुंटी उघडी पडणार. मॉडेल म्हणत होतं, बोटभर माती गेली. खुंट्या म्हणत होत्या, कणभरही नाही. मार्गदर्शक सरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती: "मॉडेल तरी बदल, नाहीतर विषय तरी."

"बाबा, हे काय चाललंय?"

"अगं, पाऊस झाला की तुझ्या खुंट्या उघड्या पडतात. एखादी निसटली असती तर तुझा अभ्यास बुडाला असता. म्हणून खाली आलेली माती परत वर नेऊन भरतो."

"पण किती भरलीत, ते आता कसं कळणार?"

"चाळीस वर्षं गोदाम सांभाळलंय मी. पाटी न् पाटी लिहून ठेवलीय!"



मॉडेलप्रमाणे एकशे चाळीस पाट्या माती जायला हवी होती आणि बाबांच्या वहीत एकशे अडतीस निघाल्या. उरलेल्या दोन पाट्यांबद्दल विचारलं, तर आई आपल्या नव्याने भरलेल्या कुंड्यांना पाणी घालायला वळली.