माझ्याकडे फेकला

"त्याने पाना माझ्याकडे फेकला," थोरला म्हणाला, आणि दुभाषी बाईंनी न अडखळता इंग्रजीत सांगून टाकलं, "ही थ्रू इट टू मी."

सरकारी वकील ताडकन उठला. "टू? की अ‍ॅट?"

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. इंग्रजीचं हे असं आहे. क्रियापद बिचारं भोळंभाबडं, सगळी मेख त्याच्या मागून येणाऱ्या चिमुकल्या शब्दात. माणूस धावला, तर टू म्हटलं की कुशीत शिरायला धावला आणि अ‍ॅट म्हटलं की अंगावर धावून गेला. पाना टू फेकला म्हणजे झेलायला दिला, अ‍ॅट फेकला म्हणजे नेम धरून मारला. टू म्हटलं तर आरोपी आज घरी जेवायला, अ‍ॅट म्हटलं तर दहा वर्षं आत. आणि मराठीतलं 'कडे' दोन्ही बाजूंना मान डोलावतं.

आरोपीच्या पिंजऱ्यात धाकटा उभा होता. थोरला आणि धाकटा साडू होते, दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, अकरा वर्षं एकाच गॅरेजात. त्या सकाळी ट्रकच्या चाकाचे नट ढिले राहिले म्हणून थोरल्याने धाकट्याची मानगूट धरून त्याचं तोंड बॉनेटवर तीनदा आपटलं. समोरचा दात पडला. धाकट्याने तो उचलून खिशात टाकला, चूळ भरली आणि कामाला लागला. दहा मिनिटांनी थोरला ट्रकखालच्या खड्ड्यात उतरला आणि ओरडला, "बत्तीसचा दे रे!" वरून पाना आला तो थेट डाव्या डोळ्यात. डॉक्टरांनी डोळा वाचवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"साक्षीदाराला विचारून घेऊ का?" बाईंनी न्यायाधीशांना विचारलं.

"एकच प्रश्न."

बाई थोरल्याकडे वळल्या. "दादा, नीट आठवून सांगा. फेकताना तो काही बोलला का?"

"बोलला ना. 'घे' म्हणाला."

बाईंनी कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. गॅरेजात फेकणारा आधी 'घे' म्हणतो आणि झेलणारा 'आला' म्हणतो, हे थोरल्यानेच मघाशी कोर्टाला सांगितलं होतं. पण माणूस कुणाच्या कानाखाली जाळ काढतो तेव्हाही 'घे'च म्हणतो.

"कसं म्हणाला?" न राहवून त्यांच्या तोंडून गेलं.

आरोपीच्या वकिलाने आरडाओरडा सुरू केला. थोरल्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. ओळख पटवायला दिलेला तोच पाना त्याच्या हातात होता, दांड्याला नंबराची चिठ्ठी बांधलेली.

"तेच कळलं असतं तर!" त्याचा आवाज चिरकला. "चार महिने दुसरं काही सुचत नाही, बाई. ती हाक होती का शिवी होती? मी त्याचा दात पाडला म्हणून त्याने माझा डोळा फोडला, का नुसता पाना दिला आणि मीच वर बघितलं नाही? ह्याला विचारावं तर वकिलाने तोंड शिवलंय ह्याचं. दोघी बहिणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. मला तेवढं सांगा कुणीतरी! मग द्या सोडून, नाहीतर टाका आत!"

मग तो धाकट्याकडे वळला. "घे!" म्हणून किंचाळला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने पाना भिरकावला, सरळ धाकट्याच्या तोंडावर.

धाकट्याचा हात आपोआप वर गेला. हाडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला.

"आला," धाकटा म्हणाला.

पाना त्याच्या मुठीत होता. अंगठ्याजवळची कातडी फाटून रक्त मनगटावरून बाहीत शिरत होतं.

दोन शिपायांनी थोरल्याला खाली पाडलं. एकाने त्याचा गाल फरशीवर दाबून धरला, दुसऱ्याने पाठीत गुडघा रोवला. ओठ फुटला. डोळ्यावरची पट्टी सरकली आणि खालचा खळगा सगळ्यांना दिसला. न्यायाधीश उभे राहून इंग्रजीत ओरडत होते, भर कोर्टात खुनाचा प्रयत्न, आत्ताच्या आत्ता ह्याच्यावर गुन्हा दाखल करा.

"साहेब, सोडा त्याला," धाकटा बोलला. खटला सुरू झाल्यापासून त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. पडलेल्या दाताच्या फटीतून शब्द फुसफुसत आले. "त्याने माझ्याकडे फेकला."

फरशीवरून एक डोळा त्याच्याकडे बघत राहिला.

"काय म्हणतोय आरोपी?" न्यायाधीशांनी बाईंना विचारलं.

पाना कसा सुटला आणि कुठे निघाला होता, ते बाईंनी चार हातांवरून पाहिलं होतं. पण साक्ष देणं हे त्यांचं काम नव्हतं.

"लेट हिम गो," त्या म्हणाल्या. "ही थ्रू इट टू मी."

टंकलेखकाने मघाच्या वाक्याखाली पुन्हा तेच वाक्य टाइप केलं, शब्दाला शब्द. शिपाई हात पुढे करून पाना मागत होता. धाकट्याच्या मुठीतून रक्त ठिबकत होतं, आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.