डोरीनबाईंचा डबा

“अगं आई, तू अजून मिसिसिपीतच?” शिकागोहून लेक फोनवर ओरडली.

प्रमिलाताईंनी मांडीवरच्या गरम डब्याकडे पाहिलं. काय सांगणार! अमेरिका एकटीने गाडी चालवत बघणार, असं लेकीला ठणकावून त्या निघाल्या होत्या. मक्याची शेतं मागे पडली, कापसाची लागली, समुद्र अर्ध्या दिवसावर आला आणि मिसिसिपी राज्यातल्या एका खेड्यात टायर फुटला. समोरच्या घरातल्या डोरीनबाईंनी तो बदलून दिला, वर डबाभर केकही दिला.

आता सांगलीची बाई दुसऱ्याचा डबा रिकामा कसा परत करणार? त्यांनी सोबतच्या फराळातला चिवडा भरून दिला. डोरीनबाईंनी त्याच डब्यातून तळलेली भेंडी पाठवली. शंकरपाळे गेले, मक्याचा पाव आला. लाडू गेले, पीचचा मुरांबा आला. मोटेलमधला मुक्काम लांबला, फराळ मात्र संपला.

आज सकाळी त्यांनी उरलंसुरलं मेतकूट भरून डबा गुपचूप डोरीनबाईंच्या पायरीवर ठेवला आणि गाडी पिटाळली. सुटले बाई एकदाची! पण गाव संपतंय तोच मागून हॉर्न ठणाणला. धुरळा उडवत डोरीनबाईंचा ट्रक आडवा आला. खिडकीतून डबा आत सरकला.

“आमच्यात पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत!”

“आई, ऐकतेयस ना? समुद्राचं काय?”

प्रमिलाताईंनी सुस्कारा सोडून गाडी गावाकडे वळवली.

“समुद्र कुठे पळून जातोय? तू आधी सांग, इथे रवा कुठे मिळेल?”