राजधानीचा पाळणा

युद्धात जमीनदोस्त झालेल्या एका परदेशी राजधानीचं भंगार जालन्याच्या सळईच्या कारखान्यात वितळायला आलं होतं. क्रेनवरच्या कल्याणनं लोखंडी पाळणा उचलून भट्टीकडे वळवला, तसा तो हवेत झुलायला लागला.

भंगार निवडणाऱ्या द्वारकाबाई ओरडल्या, "खाली घे! रिकामा पाळणा हलवू न्हाई, लेकराला बाधतं."

"इथं कोणाचं लेकरू, मावशी?"

"ह्याच्या सळया कुठं जाणार?"

"परत तिकडंच. शहर नव्यानं बांधून राह्यलेत."

"मंग, तिथल्या लेकराला!"

पाळणा खाली आला. बारशाला लेकराआधी वरवंटा निजवतात, पण भट्टीत दगड चालत नव्हता. द्वारकाबाईंनी ढीग उपसला. तान्ह्याएवढं लोखंड एकच निघालं. त्यांनी ते पदरानं पुसलं, अलगद निजवलं.

तोफगोळ्याचं रिकामं कवच पाळण्यात बरोबर मावलं.