पांढरा कप

नवरा इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणूनच परदेशातल्या त्या दोन खोल्यांत जीव गुदमरायला लागल्यावर तिने ब्लॉग सुरू करायचं ठरवलं, मराठीत आणि खोट्या नावाने. पहिल्याच लेखात त्याने अंगावर भिरकावलेल्या कपाबद्दल लिहिलं. ओळख पटू नये म्हणून कप तेवढा पांढरा केला.

संध्याकाळी तो फोन ठेवत, हसतच स्वयंपाकघरात आला.

"आईशी बोलत होतो. सकाळी तुझ्या लॅपटॉपवर काहीतरी उघडं दिसलं, फोटो काढून तिला पाठवला. तिने सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, सूनबाईचा हात चांगला आहे."

तिने गॅस बंद केला.

"पण पांढरा कुठे होता गं?" फळीवरचा उरलेला निळा कप हातात तोलत त्याने विचारलं.