उसनी मुलगी

"नाव काय तुझं?" मर्लने तिसऱ्यांदा विचारलं.

"डॉरीन," शेजारच्या थेल्माची नोरा म्हणाली. "वय सात. आणि तू माझी आई."

मर्लने तिच्या कॉलरचं बटण लावलं आणि तोंड फिरवलं.

घरं देणारा साहेब येणार म्हटलं की कॅम्पात उसनवारीला ऊत यायचा. लढाई संपली, सैनिक गेले आणि सिडनीबाहेरच्या त्यांच्या बराकींत आम्ही बेघर लोक येऊन पडलो. एकेका बराकीत दोन बिऱ्हाडं, मधे गोणपाट. चांगले पडदे, कपबश्या साहेबाच्या पुढे या दारातून त्या दारात पळायच्या. एकच चादर त्याने तीन घरांत पाहिली असेल, बिचाऱ्याला पत्ता नाही. वेळ पडली तर मुलंसुद्धा उसनी. तीन मुलं असली की विटांचं घर, दोन असली की बसा वाट बघत. मर्लने अर्ज केला तेव्हा तिला तीन होती. डॉरीन ऑगस्टात, आमच्याकडच्या ऐन थंडीत गेली.

साहेब आला. त्याने मुलं मोजली, छत पाहिलं, भिंतीवर हात फिरवला. मर्लचा नवरा क्लॅरी टोपी हातात धरून उभा होता.

"ओल दिसते," साहेब नोराकडे वळला. "तुला खोकला होतो का गं?"

हे काही कुणी शिकवलं नव्हतं. पोर आपलं खरं तेच बोलली. "छे! मला कधीच नाही होत."

"बघा!" साहेब खूश झाला. "लोक उगाच ओरडतात. मी तसं कळवतो वर, बराकी काही वाईट नाहीत म्हणून. आणि बाई, तुमचं घर नक्की समजा."

क्लॅरीने डोळे मिटून श्वास सोडला.

"खोकायची ती," मर्ल म्हणाली.

"मर्ल, गप."

"सबंध थंडीभर खोकायची. अंथरूण वाळायचं नाही तिचं. वाईट नाहीत म्हणे बराकी!"

"अगं, हातचं घर जाईल!"

"जाऊ दे."

साहेब गोंधळून नोराकडे पाहत राहिला. "पण ही तर चांगली धडधाकट आहे."

"ही गोणपाटाच्या पलीकडची," मर्ल म्हणाली. "त्या बाजूला ओल येत नाही."